आधी रूळ, मग डोंगर
ट्रेन सिम्युलेटरसाठी स्वतःचा रूट बांधणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आला तेव्हा त्यात सहा मार्ग होते. दोन अमेरिकेतले, दोन जपानमधले, एक इंग्लंडमधला आणि एक ऑस्ट्रियातला. भारतातला एकही नव्हता. मात्र खेळाबरोबर रूट एडिटरही दिलेला होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ट्रेन्झमध्ये तर मार्ग बांधण्यासाठी ‘सर्व्हेयर’ नावाचा स्वतंत्र विभागच होता. कंपनीने दिला नाही तो मार्ग आपणच बांधायचा, ही वाट हौशी लोकांना तेव्हापासून मोकळी झाली आणि भारतीय मार्गही त्यातूनच उभे राहिले.

आजही या खेळाची गोडी लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं, आपल्या गावावरून जाणारी गाडी आपण चालवावी. एडिटर उघडला जातो, आठवडाभर उत्साह टिकतो आणि मग काम अर्ध्यावर पडून राहतं. अंगात कौशल्य नसतं म्हणून असं क्वचितच होतं. सुरुवातीलाच मनात बसलेल्या चुकीच्या समजुती बहुतेकांना अडवतात. त्यातल्या नेहमी कानावर येणाऱ्या समजुती इथे तपासून पाहू. उदाहरणादाखल आपल्या ओळखीचा मुलूख घेऊ : कर्जत-खोपोली आणि कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट.

गैरसमज १ : प्रोग्रामिंग येत असेल तरच रूट बांधता येतो. शिवाय महागडं सॉफ्टवेअर लागतं.

वस्तुस्थिती : रूट बांधण्याचं बहुतांश काम माउसने होतं. जमीन उचलायची किंवा खाली दाबायची, रुळाचे तुकडे जोडायचे, फलाट, खांब, झाडं, घरं जागेवर बसवायची. काही ठिकाणी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चार ओळी बदलाव्या लागतात. सिग्नलचं वागणं अगदी मनासारखं हवं असेल तर थोडी स्क्रिप्ट लिहावी लागते, पण ती वेळ फार पुढे येते.

खर्चाचं म्हणाल तर ‘ओपन रेल्स’ हा सिम्युलेटर मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो आणि मायक्रोसॉफ्टच्या जुन्या खेळासाठी केलेले रूट त्यात चालतात. त्या पद्धतीचे रूट बांधण्यासाठी ‘टीएसआरई’ हा एडिटरही फुकट आहे. ट्रेन्झ किंवा ट्रेन सिम्युलेटर क्लासिक विकत घेतला तर एडिटर त्यातच येतो. प्रोग्रामिंगपेक्षा इथे दोन गुण जास्त उपयोगी पडतात : नकाशा वाचता येणं आणि एकच काम शंभरदा नीट करण्याची चिकाटी.

गैरसमज २ : बांधायचाच तर पहिला रूट मुंबई-पुणे.

वस्तुस्थिती : अर्धवट राहिलेल्या रूटांमध्ये सर्वांत जास्त भरणा अशाच मोठ्या स्वप्नांचा असतो. मुंबई-पुणे मार्गात उपनगरी चौपदरी वाहतूक, कल्याणसारखं जंक्शन, घाटातल्या तीन मार्गिका, डझनांनी बोगदे आणि पुण्याचं यार्ड हे सगळं येतं. नवशिक्याने एकट्याने उचलावं असं ते ओझं नाही.

त्याऐवजी कर्जत-खोपोली बघा. एकेरी मार्ग, लांबी साधारण पंधरा किलोमीटर. मधली स्थानकं पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी. धावतात त्या लोकल गाड्या. पळसदरीला घाटाचा मार्ग वेगळा फुटतो, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे सांधे कसे बसवायचे तेही शिकून होतं. फलाट, लेव्हल क्रॉसिंग, विजेचे खांब, नाल्यांवरचे छोटे पूल असं मोठ्या मार्गावरचं जवळजवळ सगळं इथे लहान मापात आहे. त्याहून मोठा फायदा म्हणजे पळसदरीपर्यंतचा भाग नीट झाला की तिथूनच घाट चढायला लागता येतं. पहिलं काम फुकट जात नाही.

तेही जड वाटत असेल तर दोन स्थानकांपुरतं बांधा. एका स्थानकावरून सुटून पुढच्या स्थानकावर सिग्नल पाळत गाडी थांबवता आली, तर तो पूर्ण झालेला रूट आहे.

गैरसमज ३ : उपग्रहाचा डेटा आणला की डोंगर आपोआप उभे राहतात. रूळ फक्त वर अंथरायचा.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त माणसं इथेच फसतात, म्हणून जरा खोलात जाऊ.

जमिनीच्या उंचीचा जो डेटा बहुतेक जण वापरतात तो नासाच्या एका मोहिमेतला आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानावरून रडारने पृथ्वीचा बराचसा भूभाग मोजला गेला. त्यातला आज आपल्याला मिळणारा बारीक डेटा साधारण ३० मीटरला एक बिंदू असा आहे. आता खेळाकडे या. मायक्रोसॉफ्ट पद्धतीच्या रूटमध्ये जमिनीची एक टाइल २,०४८ मीटर लांब-रुंद असते आणि तिच्यावर दर ८ मीटरला एक बिंदू असतो. म्हणजे मोजलेल्या दोन बिंदूंच्या मधले बिंदू संगणक अंदाजाने भरतो. रेल्वेचं कटिंग किंवा भराव बहुधा ३० मीटरपेक्षा अरुंदच असतो. तो या डेटात दिसतच नाही. त्यातच हे रडार दाट झाडीत जमिनीपर्यंत पोचत नाही, आणि अरुंद दऱ्यांमध्ये त्याची सावली पडते. सह्याद्रीत झाडी आणि दऱ्या दोन्ही भरपूर.

या मोहिमेने उंचीतल्या चुकीची मर्यादा १६ मीटर धरली होती. डोंगराचं रूप दाखवायला एवढी अचूकता पुरेशी आहे. रुळासाठी मात्र ती पुरत नाही. बोरघाटाचा कमाल चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. या चढावर १६ मीटर उंची गाठायला गाडीला ५९२ मीटर जावं लागतं. डेटातल्या एका चुकीने अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांबीचा चढ नाहीसा होऊ शकतो, किंवा नसलेला चढ उभा राहू शकतो.

याचा परिणाम गाडी चालवताना लगेच कळतो. ३७ ला १ चढावर गाडीच्या प्रत्येक टनामागे साधारण २७ किलोचा ओढा मागे खेचतो. हाच चढ चुकून ५० ला १ झाला तर ओढा २० किलोवर येतो. हजार टनांच्या गाडीला हा फरक सात टनांचा पडतो. मग कर्जतला गाडीमागे तिला चढावर ढकलणारी बँकर इंजिनं लावायची गरजच उरत नाही, गाडी आरामात लोणावळ्याला पोचते. डोंगर हुबेहूब दिसतात, पण ज्या कारणासाठी बोरघाट बोरघाट आहे तेच कारण निघून जातं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. चढ-उतार रेल्वेच्या स्वतःच्या आकड्यांवरून घ्या. रुळालगत चढ-उतार सांगणारे फलक असतात. स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. किलोमीटरचे दगड असतात, विजेच्या खांबांवर किलोमीटर आणि क्रमांक असतो. दोन स्थानकांची उंची आणि त्यांच्यामधलं अंतर हाती आलं की मधले चढ पडताळून पाहता येतात. या आकड्यांवर आधी रूळ टाका आणि मग जमीन रुळापर्यंत आणा. जिथे जमीन रुळाच्या वर येते तिथे कटिंग किंवा बोगदा, जिथे खाली राहते तिथे भराव किंवा पूल. घाट बांधणाऱ्या इंजिनिअरांनीही चढाची मर्यादा आधी ठरवली होती आणि डोंगर त्या मर्यादेपुढे वाकवला होता.

अंतरही असंच किलोमीटरच्या दगडांशी ताडून बघा. गोल पृथ्वी सपाट टाइलवर उतरवताना दिशा आणि अंतरं थोडी ताणली जातात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

गैरसमज ४ : वळणं नकाशावर बघून नजरेने जुळवली तरी चालतात.

वस्तुस्थिती : वरून बघताना चालतात. चालकाच्या कॅबमधून बघताना चालत नाहीत. भारतीय रेल्वे वळण अंशांत मोजते आणि १,७५० ला अंशांनी भागलं की मीटरमध्ये त्रिज्या मिळते. दोन अंशांचं वळण म्हणजे ८७५ मीटर त्रिज्या. ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं वळण धरतात.

वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच असतो. ही उंची, म्हणजे कॅन्ट, आणि उंचीत चालवून घेतलेली तूट यांवर वेग ठरतो. दोन्हींची मिलिमीटरमधली बेरीज त्रिज्येने गुणा, वर्गमूळ काढा आणि ०.२७ ने गुणा. आपल्या दोन अंशांच्या वळणावर कॅन्ट ७५ मिलिमीटर आणि तूट ७५ मिलिमीटर धरली तर उत्तर ताशी साधारण ९८ किलोमीटर येतं. हे गणित एकदा करून बघितलं की आपण नजरेने आखलेल्या वळणावर खरी गाडी त्या वेगाने गेली असती का, ते लगेच समजतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सरळ रूळ एकदम गोलाईत शिरत नाही. मध्ये हळूहळू आवळत जाणारा संक्रमणाचा भाग असतो. तो ठेवला नाही तर वळणाच्या तोंडाशी गाडी झटका खाते. चढ बदलतानाही हेच लक्षात ठेवा. सपाटीवरून एकदम ३७ ला १ वर जाऊ नका, मध्ये टप्पे ठेवा.

गेजकडेही लक्ष द्या. बहुतेक सिम्युलेटरांतले तयार रूळ १,४३५ मिलिमीटरचे असतात, आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. हा २४१ मिलिमीटरचा फरक कॅबमधून सहज दिसतो. भारतीय गेजचे रूळ आधी मिळवा, काम नंतर सुरू करा. मधेच रूळ बदलणं म्हणजे जवळपास सगळं पुन्हा करणं.

गैरसमज ५ : मार्ग तोच आहे, साल कुठलंही धरलं तरी काय फरक पडतो?

वस्तुस्थिती : फार फरक पडतो. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये ही व्यवस्था संपली. त्याच सुमारास घाटात १,५०० व्होल्ट डीसी वीज आली. मालगाड्यांना ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी डब्ल्यूसीजी-१ इंजिनं लागू लागली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावली. आज तिथे २५ हजार व्होल्ट एसी आहे.

डीसीच्या काळातल्या वरच्या तारा जाड, दुहेरी आणि खांब जवळजवळ. एसीची तार हलकी, सरळ रुळावर दोन खांबांत ७२ मीटरपर्यंत अंतर चालतं आणि वळणावर ते कमी होतं. खेकडा आणि एसीची तार एकत्र दाखवली तर जाणकाराचा रस तिथेच उडतो. म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर साल लिहा. इंजिनं, डबे, सिग्नल, पाट्या, फलाटांची लांबी आणि शहराची दाटी, सगळं त्या सालावरून ठरेल.

गैरसमज ६ : सिग्नल शोभेचे असतात. सगळं झालं की शेवटी लावायचे.

वस्तुस्थिती : सिग्नल नसतील तर तो रूट चालवण्याजोगा राहत नाही, बघण्यापुरता उरतो. सिग्नल शेवटी उभारले तरी चालेल, पण त्यांची आखणी रुळाबरोबरच करावी लागते. होम सिग्नल (स्थानकात शिरण्याआधीचा सिग्नल) आणि पहिला सांधा यांत पुरेसं अंतर नसेल, किंवा लूप (गाडी बाजूला उभी करण्याचा रूळ) गाडीपेक्षा आखूड असेल, तर नंतर सगळा रूळ उकरावा लागतो. आपल्याकडे मालगाडीसाठीच्या लूपची लांबी सर्वसाधारणपणे ६८६ मीटर धरतात. तो आकडा पाठ असू द्या.

भारतीय रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये लाल, पिवळा, दुहेरी पिवळा आणि हिरवा अशा चार अवस्था असतात. तयार सिग्नलच्या संचात दुहेरी पिवळा बहुधा नसतो. ओपन रेल्समध्ये सिग्नलचं वागणं मजकुराच्या दोन फाइलींत लिहिलेलं असतं, तिथे तो शिकवावा लागतो. सिग्नल कुठल्या दिशेच्या गाडीसाठी आहे तेही तपासा. मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी गाडी अप, म्हणजे बोरघाटात अप गाडी उतरते आणि डाउन गाडी चढते. नावं देताना हा गोंधळ हमखास होतो.

घाटातली कॅच सायडिंग हे सिग्नल आणि रूळ एकत्र का आखावे लागतात त्याचं उत्तम उदाहरण आहे. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला काढून चढाच्या बंद रुळावर घ्यायचं, ही तिची योजना. म्हणून सांधा एरवी सायडिंगकडेच असतो. गाडी आटोक्यात आहे याची खात्री पटल्यावर तो मुख्य मार्गाकडे फिरवला जातो. खेळात मात्र सांधा आपसूक सरळ मार्गाला लागलेला असतो. मूळ दिशा सायडिंगकडे राहील असा सांधा निवडला आणि त्याच्या अलीकडे थांबण्याचा सिग्नल ठेवला, तर घाट उतरताना चालवणाऱ्याला खऱ्या घाटातली सावधगिरी पाळावीच लागते. अशा एका सांध्यामुळे रूटला जिवंतपणा येतो तो हजार झाडांनी येत नाही.

गैरसमज ७ : जितकी झाडं, जितकी घरं, तितका रूट चांगला.

वस्तुस्थिती : प्रत्येक वस्तू संगणकाला दर सेकंदाला कितीतरी वेळा रंगवावी लागते. अति गर्दी केली की चित्र अडखळायला लागतं, आणि ब्रेक नेमक्या क्षणी लावणं अवघड होतं. चालवणारा कॅबमधून बघतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पन्नास-शंभर मीटरांत बारकावे ठेवा, पलीकडे कमी. मधल्या अंतरासाठी साधी मॉडेलं वापरा. दूरच्या डोंगररांगांसाठी कमी तपशिलाचा वेगळा भूभाग वापरण्याची सोय असते.

संख्येपेक्षा निवड महत्त्वाची. तयार संचातली पाइनची झाडं खंडाळ्याला शोभत नाहीत. तिथे काळा कातळ हवा, कड्यांचे थर हवेत, जांभूळ, ऐन आणि करवंदीच्या जाळ्या हव्यात. ऋतूंचाही विचार करा. जुन्या खेळांतले ऋतू युरोप-अमेरिकेच्या हवामानाचे आहेत. तिथल्या शरद ऋतूच्या जागी आपल्या पावसाळ्याची हिरवी टेक्स्चर्स घातली आणि उन्हाळ्यासाठी वाळलेल्या गवताची तपकिरी ठेवली, तर एकाच मार्गाची दोन वेगळी रूपं मिळतात.

चालकाच्या कामाच्या खुणा मात्र एकही गाळू नका. लेव्हल क्रॉसिंगच्या ६०० मीटर अलीकडची शिट्टीची पाटी, वेगमर्यादेचे फलक, किलोमीटरचे दगड, मराठी-हिंदी-इंग्रजीतली स्थानकाची पिवळी पाटी. मार्ग पाठ करताना लोको पायलट याच खुणा डोक्यात बसवतो.

गैरसमज ८ : नेटवर फुकट मिळालं ते आपलंच.

वस्तुस्थिती : फुकट मिळणं आणि मालकी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याने महिनोन्‌महिने खपून केलेलं स्थानकाचं मॉडेल तुम्हाला वापरायला दिलं असेल, तरी तुमच्या रूटबरोबर ते पुन्हा वाटण्याची परवानगी दिलेली असेलच असं नाही. सोबतची सूचना वाचा, कर्त्याला विचारा, नाव द्या. नकाशासाठी २००४ पासून चालू असलेला ओपनस्ट्रीटमॅप वापरता येतो, पण त्याचा उल्लेख करणं परवान्यानुसार बंधनकारक आहे. नासाचा उंचीचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. भारतीय रूट बांधणारी मंडळी मोजकीच आहेत. त्यांनी एकमेकांच्या मेहनतीचा मान राखला तरच नवी मॉडेलं तयार होत राहतील.

गैरसमज ९ : अचूक मापं हवीत तर रुळावर उतरून फिरावं लागतं.

वस्तुस्थिती : अजिबात नाही, आणि हे कुणीही करू नये. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. घाटात आणि बोगद्यांत तर जिवाशी गाठ आहे. जे हवं ते तिकीट काढून मिळतं. दिवसाच्या गाडीने खिडकीशी बसा, वही ठेवा. खांबांवरचे आकडे, चढ-उताराचे फलक, पूल आणि बोगदे कुठे सुरू होतात, कुठे संपतात ते क्रमाने टिपा. परतीच्या प्रवासात दुसरी बाजू. एका फेरीत निसटलेलं दुसऱ्या फेरीत सापडतं. उपग्रहाची छायाचित्रं, जुने नकाशे आणि रेल्वेचं कामकाजाचं वेळापत्रक यांच्याशी या नोंदी ताडल्या की घरबसल्या पुरेशी अचूकता येते.

जाता जाता कामाच्या तीन सवयी सांगतो. दिवसाचं काम संपलं की संपूर्ण रूटची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा. रुळांची नोंद ठेवणारी फाइल एकदा बिघडली की दुरुस्त करणं फार अवघड जातं. प्रत्येक नवा किलोमीटर झाला की आधी गाडी चालवून बघा, सजावट नंतर. आणि सिग्नल लावून झाल्यावर त्याखालचा रूळ हलवू नका.

रूट बांधून कुणी लोको पायलट होत नाही. रेल्वे आपल्या चालकांना सिम्युलेटरवर शिकवते, पण त्यामागे नियमांचं आणि प्रत्यक्ष गाडीवरचं मोठं प्रशिक्षण असतं. रूट बांधणाऱ्याला वेगळं काही मिळतं : रोज ज्या मार्गाने आपण जातो तो तसाच का आहे, याचं उत्तर. इथेच वळण का, इथेच बोगदा का, इथे गाडी का थांबते, हे स्वतःच्या हाताने मांडल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्रात असे कितीतरी मार्ग आहेत जे कुणीही अजून नीट बांधलेले नाहीत. तुमच्या गावचं स्थानक निवडा, पुढचं स्थानक निवडा, साल ठरवा, दोन्ही पाट्यांवरच्या उंच्या लिहून घ्या आणि पहिला रूळ टाका.